सिनेमा निवडतं कोण? अरुणा वासुदेव यांचं काम, खान्देशातून समजून घेताना

2025च्या जानेवारीत बातमी आली. अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात 'साबर बोंडं' या मराठी सिनेमाला जागतिक कथापट विभागातलं सर्वोच्च ज्युरी पारितोषिक मिळालं. धुळ्यात आमच्या गल्लीत एसटीतून निवृत्त झालेले नाना राहतात. त्यांनी ती बातमी मला पेपरातून मोठ्याने वाचून दाखवली, चष्मा काढला आणि विचारलं, "पन आपला गावमा कोठे लागना तो?"

माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. नानांचा प्रश्न साधा वाटतो, पण त्याच्या पोटात आणखी तीन-चार प्रश्न आहेत. आपल्या मातीतला सिनेमा त्या लोकांना सापडला कसा? तो चांगला आहे हे ठरवलं कोणी? आणि ज्याचं एवढं कौतुक झालं, तो आपल्या थिएटरात मात्र का दिसत नाही?

सिनेमातले नट आपल्याला माहीत असतात, दिग्दर्शक थोडेफार माहीत असतात, गावातल्या टॉकीजचा मालक तर ओळखीचाच असतो. या दोन टोकांच्या मध्ये जी माणसं राबतात, ती कोणाला दिसत नाहीत. त्यांचं काम समजून घ्यायचं तर त्यांच्यातल्या एकीचं आयुष्य नीट पाहावं असं मला वाटतं. तिचं नाव अरुणा वासुदेव. जन्म 1936चा, 5 सप्टेंबर 2024 रोजी त्यांचं निधन झालं. चित्रपट समीक्षक, मासिकाच्या संपादक, महोत्सवाच्या संस्थापक. आशियातले सिनेमावाले त्यांना आशियाई सिनेमाची आई म्हणत. आपल्याकडे त्यांचं नाव फारसं पोचलं नाही, याची मला मनापासून खंत आहे.

## आधी बहिणाबाईंची वही

हे काम खान्देशाला नवीन नाही. जळगावजवळच्या आसोद्याची लेक बहिणाबाई चौधरी जात्यावर, शेतात, चुलीपुढे गाणी रचत होत्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ ती गाणी जमेल तशी टिपून ठेवत. 3 डिसेंबर 1951ला बहिणाबाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांपुढे ठेवली. हे तर बावनकशी सोनं आहे, असं अत्रे म्हणाल्याचं आपण शाळेपासून ऐकत आलोय. 1952मध्ये 'बहिणाबाईंची गाणी' पुस्तकरूपात आली, अत्र्यांच्या प्रस्तावनेसह.

यात तीन कामं झाली. एकीने रचलं, दोघांनी टिपलं, आणि एकाने पारखून लोकांपुढे मांडलं. अत्र्यांनी त्या गाण्यांतली एक ओळही रचली नव्हती. पण त्यांची नजर पडली नसती तर ती वही किती वर्षं ट्रंकेत राहिली असती कोण जाणे. (याच अत्र्यांनी पुढच्या वर्षी, 1953मध्ये, अमळनेरच्या शाळेत शिकवलेल्या साने गुरुजींच्या पुस्तकावरून 'श्यामची आई' हा सिनेमा काढला आणि त्याला पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं. खान्देशाचं अत्र्यांशी असं दुहेरी नातं आहे.)

सिनेमाच्या जगात पारखणाऱ्याला समीक्षक म्हणतात आणि मांडणाऱ्याला महोत्सवाचा संयोजक. अरुणाबाईंनी ही दोन्ही कामं केली, आणि दुसरं काम पहिल्यातूनच कसं उगवतं हेही दाखवून दिलं.

## समीक्षक नेमकं काय करतो

शुक्रवारी सिनेमा लागला की शनिवारी पेपरात साडेतीन स्टार येतात. त्याचा उपयोग आहेच. तिकिटाचे पैसे घालावेत की नाही ते कळतं. पण समीक्षकाचं काम तिथून पुढे सुरू होतं.

जळगावच्या सराफ बाजारात जुना दागिना घेऊन गेलात तर सराफ आधी तो काळ्या दगडावर घासतो. त्या दगडाला कसोटी म्हणतात. दगडावर उमटलेली रेघ त्याला आधीच्या हजार रेघांच्या शेजारी दिसत असते, म्हणून तो कस सांगू शकतो. समीक्षकाचंही तसंच. समोरच्या दृश्यात आई दारात पाठमोरी का उभी आहे, संवाद मध्येच तुटला तो चुकून की मुद्दाम, असं याआधी कोणी केलं होतं आणि यात नवं काय, हे त्याला सांगता येतं, कारण त्याच्या डोळ्यांखालून तेवढे सिनेमे गेलेले असतात. मत तर कोणालाही असतं. समीक्षकाकडे मताशेजारी तुलना असते, आणि ती तुलना आपल्याला समजेल अशी मांडायची जबाबदारीही त्याच्यावर असते.

## सेन्सॉरपासून सुरुवात

अरुणा वासुदेव पॅरिसमध्ये शिकल्या, माहितीपटांचं काम केलं, आणि तिथल्या विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली. विषय होता सिनेमा आणि सेन्सॉर. त्या अभ्यासातून 1978मध्ये भारतीय सिनेमाच्या सेन्सॉरवर त्यांचं इंग्रजी पुस्तक आलं.

सेन्सॉर म्हणजे सिनेमा लोकांना दाखवण्याआधी सरकारी मंडळाने तो तपासून प्रमाणपत्र देणं. आपल्याकडे हा कायदा इंग्रजांनी 1918मध्ये आणला. स्वातंत्र्यानंतर 1952मध्ये नवा कायदा झाला आणि दुरुस्त्या होत होत आजही तोच लागू आहे. पुस्तक आधी छापता येतं, खटला मागून होतो. सिनेमाचं उलट, आधी परवानगी आणि मग पडदा. हे घटनेत बसतं का, असा प्रश्न दिग्दर्शक ख्वाजा अहमद अब्बास यांनी सर्वोच्च न्यायालयात नेला. 1970मध्ये न्यायालयाने सांगितलं की बसतं, कारण सिनेमाचा माणसावर होणारा परिणाम इतर कलांपेक्षा जास्त थेट असतो.

पुढे महोत्सव भरवणारी बाई सेन्सॉरच्या अभ्यासापासून सुरू झाली, हे मला फार अर्थपूर्ण वाटतं. मी काय पाहायचं हे ठरवतं कोण, हा प्रश्न त्यांना तरुणपणीच पडला होता. सरकारचं दार हे त्यातलं एकच. वितरक, म्हणजे सिनेमा विकत घेऊन थिएटरांना पुरवणारा व्यापारी, हे दुसरं दार. थिएटरातली वेळ हे तिसरं. मराठी सिनेमाला सकाळी साडेनऊचा खेळ मिळतो आणि तिसऱ्या दिवशी तोही जातो, हे आपण पाहतोच. यातल्या कुठल्याही दारावर कोणी "बंदी" अशी पाटी लावलेली नसते, तरी सिनेमा आपल्यापर्यंत येत नाही तो नाहीच.

1986मध्ये त्यांचं नव्या भारतीय सिनेमावरचं पुस्तक आलं. 1960मध्ये सरकारने फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन काढलं, त्याच्या छोट्या कर्जांतून 1969नंतर गाणी-मारामारीच्या ठरीव साच्याबाहेरचे सिनेमे निघू लागले. त्यांनाच समांतर सिनेमा म्हणतात. खान्देशातल्या माणसाला ही लाट परकी वाटायचं कारण नाही, कारण तिचा चेहरा होती स्मिता पाटील. घराणं शिरपूरचं, वडील शिवाजीराव पाटील. तिने काम केलेल्या 'चक्र' या झोपडपट्टीवरच्या सिनेमाला 1981मध्ये स्वित्झर्लंडच्या लोकार्नो महोत्सवात गोल्डन लेपर्ड हे पहिलं पारितोषिक मिळालं. शिरपूरच्या लेकीचा सिनेमा स्वित्झर्लंडमध्ये पहिला येतो, तेव्हा मध्ये कोणीतरी तो पाहिलेला असतो, शिफारस केलेली असते, पेटी पाठवलेली असते. या लाटेवर कोणी पुस्तकं लिहिली नसती तर ती आली कधी आणि ओसरली कधी, हे पुढच्या पिढीला कळलंही नसतं.

## नंदुरबारचा माल शहाद्याला, मुंबईमार्गे

आता त्यांच्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या कामाकडे येऊ.

समजा नंदुरबारच्या शेतकऱ्याची मिरची शहाद्याला विकायची आहे. अंतर तासाभराचं. पण रस्ताच असा की माल आधी मुंबईला जातो, तिथला व्यापारी निवडतो, पाकिटात भरतो, आणि मग तीच मिरची चढ्या भावाने शहाद्यात येते. 1980च्या दशकात आशियातल्या सिनेमाचं अगदी असंच होतं. दिल्लीतल्या सिनेमावेड्याला फ्रान्स-इटलीचे दिग्दर्शक तोंडपाठ होते. श्रीलंका, फिलिपिन्स, इराण, तैवान इथे काय चाललंय ते माहीत नव्हतं. माहीत व्हायचं ते कान, व्हेनिस, बर्लिन इथल्या महोत्सवांपैकी कुठे तो सिनेमा गाजला तरच. शेजाऱ्याची ओळख युरोपात जाऊन करून घ्यायची.

अरुणाबाईंनी यावर पहिला उपाय केला तो मासिकाचा. खरं तर त्रैमासिकाचा. 1988मध्ये दिल्लीतून 'सिनेमाया' निघालं, फक्त आशियाई सिनेमाला वाहिलेलं. संपादनात त्यांच्यासोबत रश्मी दोरायस्वामी होत्या, पुण्याच्या लतिका पाडगांवकर होत्या. आशियातल्या वेगवेगळ्या देशांतले लोक त्यात आपापल्या सिनेमाबद्दल लिहीत. इंटरनेट नव्हतं. लेख टपालाने यायचे, फोटो टपालाने यायचे, आणि अंकही टपालानेच जायचे.

महोत्सवाआधी मासिक का, असं कोणी विचारेल. मला वाटतं यातच त्यांचं शहाणपण आहे. मंडप घालणं सोपं असतं. पण कोणाला बोलवायचं, काय लावायचं, कशाशेजारी काय ठेवायचं, हे ठरवायला आधी माहिती लागते. मासिकाच्या प्रत्येक लेखामागे एक माणूस होता, एक पत्ता होता. दहा वर्षांत त्यांच्याकडे आशियाभरातले पत्ते जमले. महोत्सव उभा राहिला तो त्या पत्त्यांवर.

त्यातून आणखी एक गोष्ट निघाली. 1990मध्ये आशियाई सिनेमाच्या प्रसारासाठी नेटपॅक नावाचं जाळं उभं राहिलं, अरुणाबाई त्याच्या संस्थापक. निरनिराळ्या देशांतले समीक्षक, दिग्दर्शक, महोत्सववाले यांची ही संघटना. जगभरातल्या अनेक महोत्सवांत नेटपॅकची छोटी ज्युरी बसते आणि एका आशियाई सिनेमाला पारितोषिक देते. ज्युरी म्हणजे पंच. बक्षीस मोठ्या रकमेचं नसतं. पण एखाद्या नवख्या दिग्दर्शकाला त्या एका ओळीच्या जोरावर पुढच्या सिनेमाचा निर्माता भेटतो. गावच्या कुस्तीत जिंकलेला नारळ तालुक्यात दाखवला की जिल्ह्याचं आमंत्रण येतं, तसंच.

## सिनेफॅन: दिल्लीत आशियाचा मांडव

1999मध्ये दिल्लीत 'सिनेफॅन' हा आशियाई सिनेमाचा महोत्सव सुरू झाला. 2004मध्ये ओशियान्स ही कलाक्षेत्रातली संस्था त्यात आली आणि महोत्सव मोठा झाला. पुढे अरब देशांचे सिनेमेही त्यात आले. सिरी फोर्टच्या सभागृहांत दिवसभर खेळ चालत.

आपल्याकडे महोत्सव तेव्हाही नवे नव्हते. सरकारचा पहिला आंतरराष्ट्रीय महोत्सव 1952च्या जानेवारीत मुंबईत भरला होता. तो आता दरवर्षी गोव्यात होतो. पुण्याचा महोत्सव 2002चा. सिनेफॅनचं वेगळेपण असं की त्याने एकच रस्ता धरला, आणि तो रस्ता युरोपला वळसा न घालता शेजाऱ्याच्या दारात जात होता.

## महोत्सव आतून कसा चालतो

सारंगखेड्याची यात्रा आठवा. दत्तजयंतीला तापीकाठी घोडे येतात. कोणी विकायला येतो, कोणी विकत घ्यायला, कोणी नुसता बघायला. जाणकार घोड्याचा दात पाहतात, चाल पाहतात, खुरांवर हात फिरवतात. सिनेमा महोत्सवात हे सगळं असतं.

पहिली पायरी प्रवेशाची. दिग्दर्शक अर्ज भरतो, सिनेमा ऑनलाइन पाठवतो. मोठ्या महोत्सवांकडे असे हजारो अर्ज येतात. निवड समिती ते पाहते. दिवसाला पाच-सहा सिनेमे, आठवडेच्या आठवडे. शिवाय समीक्षकांच्या शिफारशी असतात, इतर महोत्सवांत फिरून पाहिलेलं असतं. अरुणाबाईंसारख्या व्यक्तीचं मोल इथे कळतं. अमुक देशात अमुक मुलगी काहीतरी वेगळं करते आहे, हे अर्ज येण्याआधीच ज्याला ठाऊक असतं, त्याचा महोत्सव वेगळा होतो.

निवडलेले सिनेमे मांडणं हे तर खास कौशल्याचं काम. पंगतीत श्रीखंडावर लगेच खिचडी वाढत नाहीत. कुठला सिनेमा सकाळी, कुठला रात्री, कुठल्या दोन देशांचे सिनेमे लागोपाठ लावले तर प्रेक्षकाला दोघांतला धागा आपोआप दिसेल, हे ठरवावं लागतं. यालाच प्रोग्रॅमिंग म्हणतात.

मग भाषा. परदेशी प्रेक्षकासाठी पडद्याच्या खाली भाषांतराच्या ओळी येतात, त्यांना सबटायटल म्हणतात. एका वेळी फार तर दोन ओळी, त्याही वाचून होईपर्यंतच टिकणाऱ्या. अहिराणी सिनेमा करणाऱ्याने हे आधीच मनात धरावं. "काय रे भो" मधला तो "भो" दोन ओळींत इंग्रजीत कसा आणायचा? त्यात आपुलकी आहे, थोडी दटावणी आहे, सगळं गाव आहे. चांगलं सबटायटल करणारा माणूस मिळणं हे चांगला कॅमेरामन मिळण्याइतकंच महत्त्वाचं आहे, आणि आपल्याकडे पैसे नेमके तिथेच वाचवले जातात.

आता सिनेमाची पेटी. पूर्वी रिळांचे डबे यायचे. आता हार्ड डिस्कवर शे-दोनशे जीबीचा फाइलींचा संच येतो, त्याला डीसीपी म्हणतात. तो बहुतेकदा कुलूपबंद असतो. कुलूप उघडणारी किल्ली ही एक छोटी संगणकी फाइल. ती ठरावीक यंत्रावर आणि ठरावीक वेळेतच चालते. एका महोत्सवात मी दोन वर्षं स्वयंसेवक होतो. सकाळी साडेदहाचा खेळ, सभागृह भरलेलं, आणि किल्लीत वेळ पडली होती अकराची. युरोपातल्या ज्या प्रयोगशाळेतून ती आली होती तिथे पहाटेचे सहा वाजले होते. फोन कोण उचलणार? प्रोजेक्शनच्या खोलीत काचेपलीकडे तीनशे डोकी दिसत होती आणि यंत्रावर एक लाल ओळ. शेवटी संयोजक बाई मंचावर गेल्या आणि तीस मिनिटं त्या दिग्दर्शकाबद्दल बोलल्या, हातात कागद न घेता. एक माणूस उठून गेला नाही. समीक्षकाचं वाचन महोत्सवात कुठे कामी येतं, हे मला त्या दिवशी कळलं.

आणि सेन्सॉर? महोत्सवातल्या परदेशी सिनेमाकडे आपलं प्रमाणपत्र नसतं. 1952च्या कायद्यातल्या नवव्या कलमाखाली केंद्र सरकार सूट देऊ शकतं. ती नोंदणी केलेल्या प्रेक्षकांपुरती आणि ठरलेल्या दिवसांपुरती असते. म्हणून महोत्सवात पास लागतो. सेन्सॉरवर प्रबंध लिहिलेल्या बाईने आयुष्याच्या उत्तरार्धात या सवलतीच्या खिडकीतून माणसांना जग दाखवलं.

## "पण हे पिच्चर एवढे संथ का असतात?"

ही तक्रार मी शंभर वेळा ऐकली आहे आणि ती खोटी नाही. काही महोत्सवी सिनेमे नुसतेच संथ असतात, त्यांत सांगण्यासारखं काही नसतं. खरा समीक्षक हेही स्पष्ट सांगतो.

पण बाकीच्यांचं काय? आपण भरीताचं वांगं गॅसवर भाजत नाही. पऱ्हाटीच्या काड्यांवर, उलटंपालटं करत, साल काळी पडेपर्यंत भाजतो. तो धूर आत मुरायला वेळ लागतो, आणि त्या वेळेलाच चव असते. काही सिनेमे तसे भाजलेले असतात. बाई विहिरीवरून घरी येते, तेवढंच दृश्य चार मिनिटं. पहिल्या मिनिटाला आपण चुळबुळतो, तिसऱ्या मिनिटाला तिच्या डोक्यावरच्या हंड्याचं वजन आपल्या मानेला जाणवायला लागतं. दोन सेकंदांत ते दाखवलं असतं तर फक्त माहिती मिळाली असती.

## "चार शहाण्यांनी आमच्यासाठी का ठरवावं?"

रास्त प्रश्न. आणि याला माझं उत्तर अर्धंच आहे.

1951ची गोष्ट. जपानचा 'राशोमोन' व्हेनिसला गेला आणि त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळालं. तो पाठवण्याचा आग्रह जपानी निर्मात्यांचा नव्हता. टोकियोत इटालियन सिनेमाचं काम पाहणाऱ्या ज्युलियाना स्ट्रामिजोली या बाईने तो पाहिला आणि लावून धरलं. एका जाणत्या व्यक्तीने जोर लावला म्हणून जगाला त्याचा दिग्दर्शक अकिरा कुरोसावा कळला. लोकांच्या मतावर सोडलं असतं तर मत द्यायला लोकांपुढे तो सिनेमा आलाच नसता.

उरलेलं अर्धं असं. निवडणारे बहुतेक मोठ्या शहरांतले, इंग्रजीत वावरणारे असतात. तोरणमाळच्या पावरा आदिवासी मुलीला जे रोजचं आहे ते त्यांना नवलाईचं वाटतं, आणि जे तिला नवं आहे ते त्यांच्या नजरेतून सुटतं. हा दोष खरा आहे. 'सिनेमाया'ने शोधलेला उपाय मला पटतो. ज्या देशाचा सिनेमा त्याच देशातल्या माणसाला लिहायला सांगायचं. निवडणाऱ्यांची गावं वाढवायची.

## "आता मोबाइलवर सगळं मिळतं की"

मिळतं. पण दिसतं का? मोबाइलवर पुढचा सिनेमा सुचवतो तो अल्गोरिदम. म्हणजे तुम्ही आधी काय पाहिलं त्यावरून तुम्हाला काय आवडेल याचं मांडलेलं गणित. तुम्ही मारधाड पाहिलीत की तो आणखी मारधाड आणतो. तुम्ही ज्याचं नावच ऐकलेलं नाही, ते मागणार कसं आणि तो देणार कसा? अल्गोरिदम ओळखीच्या वाटेने नेतो. महोत्सवाचा संयोजक तुम्हाला अनोळखी माणसाच्या ओट्यावर बसवून म्हणतो, दोन तास थांबा.

## "आणि पैसा?"

इथे गोष्ट दुखरी आहे. तिकिटांवर महोत्सव चालत नाही. सिनेमा दाखवायची फी, पाहुण्यांचा प्रवास, सभागृहाचं भाडं, हे प्रायोजक किंवा सरकार यांच्याकडून येतं. पाठबळ आटलं की बारा-तेरा वर्षांची मेहनतही टिकत नाही. 2012च्या सुमारास सिनेफॅन थांबला. अरुणाबाई नंतर जपानी शाईची चित्रं काढत राहिल्या, नव्या लोकांना हात देत राहिल्या. त्यांचं नेटपॅक मात्र चालू आहे, पारितोषिकं देतं आहे. ज्यात मांडव होता ते गेलं, ज्यात माणसांची साखळी होती ते टिकलं. यावर मी खूप विचार केला आहे.

## खान्देशात याचं काय करायचं

बनवणाऱ्यांची आपल्याकडे वानवा नाही. शेजारच्या मालेगावात यंत्रमागावर काम करणाऱ्या पोरांनी व्हिडिओ कॅमेऱ्यावर सिनेमे काढले, त्यांच्यावर फैझा अहमद खान यांनी 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट केला आणि मालेगाव जगभरच्या महोत्सवांत पोचलं. अहिराणी गाणी आणि विनोदी फिती मोबाइलवर लाखो लोक पाहतात. चाळीसगावला केकी मूस नावाचा माणूस स्टेशनजवळच्या घरात बसून असे फोटो काढत होता की ते दूरदेशीच्या प्रदर्शनांत वाखाणले गेले. 1989मध्ये तो गेला. त्याचं घर आजही पाहता येतं, आणि चाळीसगावातल्या किती पोरांनी ते आतून पाहिलं आहे, हे मला विचारावंसं वाटतं.

कमी आहे ती मधल्या दोन माणसांची, पारखणाऱ्याची आणि मांडणाऱ्याची. त्यासाठी आधी सिरी फोर्ट बांधावं लागत नाही. चित्रपट मंडळ, म्हणजे वर्गणी काढून नियमित चांगला सिनेमा पाहणारा आणि त्यावर बोलणारा गट, ही जुनी आणि स्वस्त वाट आहे. कलकत्त्यात 1947मध्ये सत्यजित राय आणि चिदानंद दासगुप्ता यांनी असं मंडळ काढलं. 1959मध्ये अशा मंडळांचा देशपातळीवरचा महासंघ झाला. मुंबईत 1968मध्ये प्रभात चित्र मंडळ उभं राहिलं. ते उभारणाऱ्यांतले मराठी समीक्षक सुधीर नांदगावकर पुढे मुंबईच्या मामी महोत्सवाचे संचालक झाले आणि आशियाई सिनेमासाठी 'थर्ड आय' महोत्सव त्यांनी चालवला. दिल्लीत अरुणाबाई मासिकातून निघाल्या, मुंबईत नांदगावकर मंडळातून. दोघेही पोचले एकाच ठिकाणी.

एक व्यवहाराची गोष्ट सांगतो, कारण इथेच उत्साही मंडळी अडकतात. घरी वर्गणी भरून मोबाइलवर सिनेमा दिसतो म्हणून तो सभागृहात शंभर जणांना दाखवायचा हक्क मिळत नाही. तो हक्क निर्मात्याकडून किंवा वितरकाकडून वेगळा मागावा लागतो. पत्र लिहिलं की पुष्कळदा तो अगदी कमी पैशांत मिळतो, नवे दिग्दर्शक तर आनंदाने देतात. महासंघाशी जोडलेल्या मंडळाला सिनेमे मिळवायला मदतही होते.

आम्ही धुळ्यात आठ-दहा जण महिन्यातून एकदा सिनेमा दाखवतो. एका शाळेचा हॉल, भिंतीवर पांढरा पडदा, ऐंशी खुर्च्या. त्यातल्या चाळीस भरल्या की आम्ही खूश. मागच्या वर्षी परवानगी घेऊन एक इराणी सिनेमा लावला होता. त्यात एक पोरगा आईच्या मागे मागे फिरतो, काहीतरी फार महत्त्वाचं सांगू पाहतो, आणि ती धुणं धुता धुता एकच म्हणत राहते, आधी अभ्यास कर. नाना आले होते, सोबत त्यांची थोरली बहीण. जिजींना वाचता येत नाही, म्हणून मी त्यांच्या शेजारी बसून सबटायटल अहिराणीत सांगायला लागलो. पाच-सात मिनिटांनी त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि गप्प राहायची खूण केली. पडद्यावरची बाई पिळा वाळत घालत होती.

दिवे लागले तरी त्या उठल्या नाहीत. पदराने डोळे पुसत नानांना म्हणाल्या, "मनी माय बी अशीच व्हती."